पेपर स्वीकारल्यानंतर त्याचं काय होतं? जर्नलच्या प्रॉडक्शन एडिटरचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा पहिला पेपर परदेशी जर्नलने स्वीकारला. मुख्य संपादकांचं अभिनंदनाचं पत्र आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका अनोळखी प्रॉडक्शन एडिटरचा मेल. सोबत प्रूफ (प्रसिद्धीआधी लेखकाने तपासायची, पानांत मांडलेली प्रत), समासात तीसेक शंका आणि ४८ तासांची मुदत. तिला कळत नाहीये की ही व्यक्ती नेमकी कोण, विषयातली तज्ज्ञ नसताना वाक्यांना हात का लावते, आणि रिव्ह्यूमध्ये, म्हणजे विषयतज्ज्ञांच्या तपासणीत, कित्येक महिने गेल्यावर आता घाई कसली. जाता जाता तिने हेही विचारलं आहे की या कामात करिअर होतं का.

मी पुण्यात बसून युरोपातल्या जर्नल्सचं प्रॉडक्शन सांभाळते. त्यामुळे मी त्या मेलच्या दुसऱ्या टोकाला बसलेली आहे.

पेपर छापण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवणारा संपादक वेगळा. तो बहुतेक वेळा कुठल्यातरी विद्यापीठातला प्राध्यापक असतो, आपलं शिकवणं सांभाळून हे काम करतो. त्याने 'स्वीकारला' म्हटल्याक्षणी फाइल माझ्या ताब्यात येते. विज्ञान बरोबर की चूक यावर मला मत नाही आणि असलं तरी ते मांडण्याचा अधिकार नाही. माझी जबाबदारी एवढीच, की यापुढे जगात या पेपरची अधिकृत प्रत एकच असावी, ती संपादकांनी स्वीकारली तीच असावी, आणि माणसांना व यंत्रांना ती पन्नास वर्षांनीही सापडावी, वाचता यावी. ऐकायला कारकुनी वाटतं. आहेही. पण संशोधनाच्या नोंदी टिकतात त्या याच कारकुनीवर.

आता साखळी. जर्नलच्या सबमिशन सिस्टीममधून फाइल बाहेर पडते, कॉपीराइटचा किंवा परवान्याचा फॉर्म लेखकाकडे जातो, मजकूर भाषा आणि विसंगती तपासणाऱ्या कॉपीएडिटरकडे जातो, मग पानांची मांडणी करणाऱ्या टाइपसेटरकडे, मग प्रूफ लेखकाकडे, दुरुस्त्या परत टाइपसेटरकडे, शेवटची तपासणी, ऑनलाइन प्रसिद्धी आणि नंतर कधीतरी अंकात समावेश. यातलं बरंचसं काम प्रॉडक्शन एडिटर स्वतःच्या हाताने करत नाही. ती ते करवून घेते, दोन टोकांना बसलेल्यांमधले घोळ सोडवते आणि शेवटी 'जाऊ द्या' म्हणते. तुमचं जर्नल बर्लिनचं असलं तरी मेल चेन्नईहून आला, याचं नवल वाटायला नको. जगभरातल्या जर्नल्सचं टाइपसेटिंग आणि कॉपीएडिटिंग वर्षानुवर्षं चेन्नई, पुद्दुचेरी, नोएडा, बंगळुरू, मुंबई आणि पुण्यात होतंय. मेल खरा आहे का, ही शंका मात्र रास्त आहे. पाठवणाऱ्याचा डोमेन बघा, हस्तलिखिताचा क्रमांक जुळवा, आणि पैशांची मागणी असेल तर थेट जर्नलच्या संकेतस्थळावरून खात्री करून घ्या.

बऱ्याच लेखकांना वाटतं, आम्ही पानं सजवतो. पान आता दुय्यम झालंय. मुख्य वस्तू आहे एक्सएमएल फाइल. त्यात लेखकाचं आडनाव कुठलं, संस्था कुठली, सारांश कुठे संपतो, तक्त्याचा मथळा कुठला, संदर्भातलं वर्ष कुठलं, हे सगळं खुणा लावून वेगळं केलेलं असतं. या खुणांचा सर्वमान्य संच म्हणजे जॅट्स. त्याची मुळं अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कामात आहेत आणि २०१२ मध्ये तो रीतसर मानक झाला. तुम्हाला दिसणारं पीडीएफ आणि वेबपेज दोन्ही सहसा याच फाइलमधून निघतात. तिच्यातूनच माहिती क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे जाते, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) चालू होतो, पबमेडसारख्या सूचींमध्ये नोंद पडते. पानावरची चूक वाचकाला दिसते आणि तो समजून घेतो. एक्सएमएलमधली चूक कुणालाच दिसत नाही आणि ती दहा ठिकाणी पोहोचते.

उदाहरण नावाचंच घ्या, कारण यात मराठी लेखकांचं नुकसान मी फार बघितलंय. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रापासून आडनाव आधी लिहायची सवय. लेखिका सबमिशन सिस्टीममध्ये तसंच भरते: पाटील सुनीता रमेश. सिस्टीम समजते, नाव पाटील आणि आडनाव रमेश. पानावर 'पाटील सुनीता रमेश' असं छापलं जातं, लेखिका प्रूफ बघते, सगळं ठीक दिसतं. उद्धरण मात्र 'रमेश, पी. एस.' या नावाने होऊ लागतं आणि हिच्या प्रोफाइलमध्ये तो पेपर येतच नाही. दक्षिणेकडच्या बऱ्याच सहकाऱ्यांना तर आडनावच नसतं, नुसतं आद्याक्षर. म्हणून प्रूफवरची सगळ्यात पहिली शंका बहुतेक वेळा हीच असते: 'दिलेली नावं आणि आडनावं योग्य ओळखली आहेत ना?' लेखक ती न वाचताच 'होय' लिहून टाकतात. कृपया वाचा. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या स्वतःच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांकही जोडा. लग्नानंतर आडनाव बदललं किंवा स्पेलिंग बदललं तरी पेपर तुमच्याच नावावर राहतो. २०१२ पासून ही सोय फुकट आहे.

आता वाक्यांना हात लावण्याबद्दल. कॉपीएडिटरला तुमचा विषय येत असेलच असं नाही, हे खरं. पण त्याला दिलेलं काम विषयाचं नाहीच. तक्ता ३ मध्ये नमुने ४८ आणि मजकुरात ४६, तर त्याने विचारायचं. मजकुरात उल्लेखलेला संदर्भ यादीत नाही, तर विचारायचं. तुमच्या विषयात जीवाणूच्या जीनचं नाव तिरप्या अक्षरांत आणि लहान अक्षराने सुरू होतं, त्याच जीनच्या प्रथिनाचं नाव उभ्या अक्षरांत आणि पहिलं अक्षर कॅपिटल. लेखकाने दोन्ही सरमिसळ लिहिलं असेल, तर इथे जीन म्हणायचंय की प्रथिन, हे तुम्हीच सांगू शकता. जीनबँक या सार्वजनिक साठ्यात टाकलेल्या डीएनए अनुक्रमाचा क्रमांक उघडत नसेल, तर तोही प्रश्न येतो. शंका म्हणजे तुमच्यावर ठपका नव्हे. कॉपीएडिटरला स्वतः ठरवायचा हक्क नाही म्हणून तो विचारतो. उलट जिथे शंका न काढता अर्थ बदलला गेलाय, तिथे तुम्ही रागवा, मीही रागावते. 'असू शकतं' चं 'आहे' केलं, 'संबंध आढळला' चं 'मुळे होतं' केलं, असं झालं असेल तर तुमचं मूळ वाक्य परत लावून मागा. कारण द्यायचीही गरज नाही.

खरी भीती मात्र भाषेची नसते, चिन्हांची असते. जुन्या वर्ड फाइल्समध्ये ग्रीक अक्षरं 'सिम्बॉल' नावाच्या फॉन्टने टाकलेली असायची. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी एम दाबलं की म्यू दिसतो. फाइल दुसऱ्या प्रणालीत गेली, फॉन्ट गळाला, की म्यूचा पुन्हा एम होतो. म्हणजे मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम. हजारपट डोस, आणि पानावर काहीही विचित्र दिसत नाही. त्याच फॉन्टमधलं 'पेक्षा कमी किंवा समान' हे चिन्ह गळालं तर तिथे ब्रिटिश पाउंडाचं चिन्ह येतं; ते निदान डोळ्यात खुपतं तरी. आजही एखाद्या विभागात पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइलमधला 'साहित्य आणि पद्धती'चा मजकूर पुढच्या पिढीचे विद्यार्थी चिकटवत राहतात, आणि ही भुतं त्यातून येतात. म्हणून मात्रा, एककं आणि चिन्हं लेखकाने स्वतः, मूळ नोंदवहीशी ताडून बघावीत. आमची साधनं बरंच पकडतात. मिलिग्रॅम हे मिलिग्रॅमच आहे का, ते त्यांना कळत नाही.

एक्सेलचंही तसंच. काही मानवी जीन्सची नावं एक्सेलला तारखा वाटायची, आणि ती बदलून पुरवणी तक्त्यांत मार्च-सप्टेंबरच्या तारखा यायच्या. हा प्रकार इतका पसरला की जीन्सच्या नावांचं काम बघणाऱ्या समितीने २०२० मध्ये चक्क त्या जीन्सची नावंच बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा विज्ञान बदलणं सोपं पडलं, असा त्यावर आमच्याकडे विनोद होता.

देवनागरीची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास या विषयांतल्या इंग्रजी पेपरांत मराठी उदाहरणं येतात. लेखकाने ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात पाठवली, तर आमच्याकडे पोहोचतात रोमन अक्षरांचा चिवडा होऊन. युनिकोडमध्ये पाठवली तरी टाइपसेटरने इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू केली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर, उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. चेन्नईतल्या माणसाला ते दिसलं तरी चूक आहे हे कळत नाही, लंडनच्या संपादकाला तर नाहीच. अशा वेळी लेखकाने बरोबर दिसणाऱ्या मजकुराची एक पीडीएफ प्रत मूळ फाइलसोबत जोडावी. यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. नकाशांबाबतही सावध राहा. भारताची सीमा दाखवणारा नकाशा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडा. परदेशी प्रकाशक यात बाजू घेत नाहीत. स्प्रिंगर नेचर तर नकाशांतल्या सीमादाव्यांबाबत आपण तटस्थ असल्याची टीप लेखाखाली छापतं. भारतात राहून चुकीच्या सीमेचा नकाशा प्रसिद्ध केल्याची जबाबदारी मात्र त्या टीपेने टळत नाही.

४८ तासांचं आता खरं सांगते. त्यात थोडं कारण आहे आणि बरीचशी कराराची भाषा. टाइपसेटिंग करणाऱ्या कंपनीशी प्रकाशकाने प्रत्येक टप्प्याचा वेळ ठरवलेला असतो, आमच्या बोलीत 'टॅट'. स्वीकारल्यापासून ऑनलाइन येईपर्यंत किती दिवस लागले, हा आकडा प्रकाशक जाहिरातीसारखा मिरवतात. लेखकाकडे फाइल जितकी पडून राहील तितका तो आकडा बिघडतो. पण तुम्ही परीक्षेत असाल, सहलेखक समुद्रावर मोहिमेत असेल, तर दोन ओळींचा मेल टाका आणि तारीख सांगा. जवळजवळ नेहमी मुदत मिळते. गप्प बसू नका. काही जर्नल्स दोन स्मरणपत्रांनंतर प्रूफ मान्य आहे असं धरून पुढे जातात.

या वेगाचा तोटा कुठे होतो तेही बोललं पाहिजे. गेल्या काही वर्षांत अनेक प्रकाशकांनी कॉपीएडिटिंगची पातळी कमी केली. सगळा मजकूर माणसाने वाचायचा, हे आता गृहीत धरता येत नाही. सॉफ्टवेअर आधी चाळतं आणि माणूस त्याने दाखवलेल्या जागा बघतो. २०२४ च्या मार्चमध्ये एल्सव्हियरच्या 'सरफेसेस अँड इंटरफेसेस' या जर्नलमधल्या एका पेपरची प्रस्तावनाच 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा चॅटबॉटी वाक्याने सुरू झालेली लोकांना दिसली. लेखक, रिव्ह्यूअर, संपादक, कॉपीएडिटर, टाइपसेटर, प्रूफ वाचणारे, सगळ्यांच्या नजरेखालून पहिलं वाक्य गेलं. पहिलं! हे एआय येण्याआधीही व्हायचं. २०१४ मध्ये वायलीच्या 'इथॉलॉजी' या जर्नलमध्ये माशांवरच्या एका पेपरात 'तो टुकार पेपर इथे उद्धृत करायचा का?' असा सहलेखकांमधला खासगी शेरा, संशोधकाच्या नावासकट, कंसात तसाच छापून आला. रिव्ह्यूनंतरच्या सुधारणेत तो घुसला होता, म्हणजे रिव्ह्यूअरनी तो पाहिलाच नव्हता. तिथून पुढे तो पकडण्याची जागा प्रॉडक्शनचीच होती. 'आम्ही फक्त मांडणी करतो' ही सबब मला पटत नाही. वाचायला माणूस ठेवायचा नसेल, तर प्रकाशकाने निदान पैसे कशाचे घेतो ते सांगावं.

प्रूफवर काय बदलता येत नाही, यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. मधल्या काळात मिळालेला नवा निकाल घालायचा असेल, तर तो मी परस्पर घालू शकत नाही. तो मुख्य संपादकांकडे जातो, कारण रिव्ह्यूअरनी तो पाहिलेला नाही. लेखकांच्या यादीत नाव वाढवणं, काढणं, क्रम बदलणं यासाठी सगळ्या लेखकांची लेखी संमती आणि कारण लागतं. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कोप या संस्थेची त्यासाठी ठरलेली पद्धत आहे आणि बरीच जर्नल्स तीच पाळतात. विभागप्रमुखांचं नाव प्रूफच्या वेळी अचानक आठवतं, असा अनुभव आम्हाला भारतातून बराच येतो. यात विद्यार्थ्याची कुचंबणा होते, हे मला समजतं. म्हणूनच नियम कडक आहे हे त्याच्या सोयीचं असतं: 'जर्नल ऐकत नाही' असं वर सांगता येतं.

ऑनलाइन आल्यावर चूक सापडली तर? गुपचूप फाइल बदलायची नाही, हा आमचा पहिला धडा. बदल करायचा तर वेगळी दुरुस्ती-सूचना निघते, तिला स्वतःचा डीओआय मिळतो आणि ती मूळ लेखाला जोडली जाते. बऱ्याच प्रकाशकांकडे प्रकाशकाची चूक असेल तर इरॅटम आणि लेखकाची असेल तर कॉरिजेंडम म्हणतात, काही ठिकाणी दोन्हींना नुसतं करेक्शन. लेखकांना याची लाज वाटते. वाटू नये, चूक असून सूचना नसणं जास्त वाईट. पण आभारात मामांचं नाव राहिलं म्हणून दुरुस्ती-सूचना निघत नाही, तेवढं प्रूफमध्येच बघा.

परवान्याचा फॉर्म न वाचता सही करू नका, एवढंच त्याबद्दल. तुमच्या अनुदान देणाऱ्या संस्थेची अट सीसी बाय (श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल असा खुला परवाना) अशी असेल आणि तुम्ही भलताच पर्याय निवडला, तर प्रसिद्धीनंतर ते बदलणं मोठी डोकेदुखी असते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्याकडच्यांसाठी. जर्नल बनावट आहे का हे ओळखायला प्रॉडक्शन उपयोगी पडतं. स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे भरले, तिसऱ्या दिवशी पेपर ऑनलाइन, मध्ये प्रूफ नाही, एकही शंका नाही, डीओआय दिलाय पण उघडत नाही, तर तिथे काय चाललंय ते समजा. यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादी, जिचं जर्नल्स तपासण्याचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, ती बंद करण्याचा निर्णय यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केला. म्हणजे आता पारख संस्थेने आणि संशोधकाने करायची. तीस शंकांचं प्रूफ आलंय, तर निदान कुणीतरी तुमचा पेपर वाचलाय.

शंकांची उत्तरं कशी द्यायची तेही सांगून ठेवते. 'अ की ब?' असं विचारलं असेल तर 'होय' लिहू नका. हे इतकं होतं की आमच्याकडे त्याची थट्टा चालते. 'आधी सांगितल्याप्रमाणे' लिहू नका, आधी कुणाला सांगितलं ते आम्हाला दिसत नाही. सहलेखकांच्या दुरुस्त्या गोळा करून एकाच लेखकाने एकदाच पाठवा. तीन लेखकांनी तीन पीडीएफ पाठवल्या, तर त्यांतल्या परस्परविरोधी दुरुस्त्यांचा निवाडा मला करावा लागतो, आणि तो मी करू नये.

आता करिअर. पुण्यात स्प्रिंगर नेचरचं मोठं केंद्र आहे, मुंबईत वैद्यकीय जर्नल्सचं मेडनो आहे, जे २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवरने घेतलं, आणि त्याखेरीज टाइपसेटिंग व संपादन करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. सुरुवात बहुधा कॉपीएडिटर किंवा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून होते. विज्ञानातली पदवी आणि स्वच्छ इंग्रजी पुरतं. पीएचडी असली तर तिचा उपयोग होतो, पण या कामात तिचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत. पगाराच्या बाबतीत आयटीशी तुलना करू नका, कंटाळवाणेपणाच्या बाबतीत केली तरी चालेल. एकच तपासणी दिवसभर करायची तयारी हवी आणि चौदाव्या लेखातही पहिल्याइतकंच लक्ष हवं. ते सगळ्यांना जमत नाही, न जमण्यात कमीपणाही नाही.

एआयमुळे संदर्भयादी सजवणं, शैलीनुसार स्वल्पविराम हलवणं ही कामं माणसाकडून जाताहेत, बरीचशी गेलीच. नुसती तेवढीच कामं येणाऱ्याला मी आज या क्षेत्रात या म्हणणार नाही. एक्सएमएल वाचता येतं, लाटेकच्या (गणिती मजकूर आज्ञा लिहून मांडण्याच्या प्रणालीच्या) फाइलमध्ये लेखकाने स्वतः बनवलेल्या आज्ञा उलगडता येतात, प्रतिमेत फेरफार झालाय अशी शंका कधी घ्यायची आणि ती कुणाकडे न्यायची हे कळतं, आणि चिडलेल्या प्राध्यापकाला चार ओळींत शांत उत्तर लिहिता येतं, अशा माणसाला काम आहे. मुलाखतीत बहुधा एक छोटी चाचणी असते: दोन पानांचा मजकूर देतात आणि संपादन करायला सांगतात. नवखी मुलं सगळी वाक्यं सुधारून ठेवतात. मी बघते ते त्यांनी कुठे हात न लावता प्रश्न विचारलाय.